अडीच किलोची दोन वजनं, औंध ते सांगली

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षरही चांगलं नाही, त्याबद्दल वाचणाऱ्यानं माफ करावं. चौथी झाली आणि शाळा सुटली. मालक पलटणीत आहेत, त्यांना महिन्याला एक पत्र लिहावं लागतं म्हणून अक्षरं हातात राहिली, नाहीतर तीही गेली असती. ओळ खाली उतरत जाते, कारण कागदाला रेघा नाहीत. यंत्रातून निघालेल्या गुंडाळीचा हा कागद आहे. पलीकडच्या बाजूला लेखणीच्या निळ्या नागमोडी खुणा आहेत, त्या इकडे थोड्या उमटतात. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझी धाकटी बहीण कवठे महांकाळला असते, ती आजवर एकटी कुठं गेलेली नाही. कधी तिच्या हाती हे पडलंच तर तिला कळावं, की मी एकटी सांगलीला जाऊन आले आणि कशी आले.

औंध, मंगळवार

औंधला डोंगराच्या पायथ्याशी संस्थानाच्या काळचं एक दगडी कोठार आहे. भिंती दोन हात रुंद, आणि खाली तळघर. सांगलीच्या कॉलेजात शिकवणारे देशिंगकर सर तिथं आले तेव्हा दुष्काळ नुकताच सरला होता. त्यांनी कोठार भाड्यानं घेतलं. माझे दीर नामदेव भाऊजी तिथं राखणीला राहिले आणि मी झाडलोटीला. सर शनिवारी आणि सुट्टीत येत, तेव्हा त्यांचा स्वयंपाकही मीच करायची.

तळघरात एक लोखंडी पिंप आडवं ठेवलेलं आहे. त्याच्या आत माणसाएवढा लांब ॲल्युमिनियमचा दांडा एकाच पोलादी तारेवर टांगलेला आहे. आतली हवा काढून टाकलेली. दांडा जरा हलला की बाजूच्या यंत्राची लेखणी कागदाच्या गुंडाळीवर तशी रेघ काढते. सर म्हणत, आभाळात फार लांब दोन प्रचंड तारे एकमेकांवर आदळले, की पाण्याला यावी तशी जागेलाच लाट येते. ती लाट इथून गेली तर दांडा ताणला जाईल, पण किती? केसाच्या जाडीचे कोटी भाग केले तरी त्यातल्या एका भागाहून कमी. परदेशात एकानं अशी लाट ऐकली म्हणून सांगितलं. मग इतरांनी तसेच दांडे टांगले, त्यांना काहीच ऐकू आलं नाही. सर म्हणत, "भांडण कशाचं आहे शेवंता, की आभाळ गप्प आहे की आपला कान बहिरा, हेच कुणाला नीट माहीत नाही. आधी कान किती तिखट ते मोजू."

ते मोजायला एक चाक होतं. चाकाच्या दोन टोकांना दोन पितळी वजनं, एकेक अडीच किलोचं. मोटरनं चाक पिंपाजवळ फिरवायचं. जगातली प्रत्येक वस्तू दुसरीला ओढते म्हणे, तशी ती वजनं जवळ आली की दांड्याला किंचित ओढायची, लांब गेली की सोडायची. वजन किती, अंतर किती, हे ठाऊक, म्हणून ओढ किती हे गणितानं निघतं. तेवढ्या ओढीनं लेखणी किती हलली हे पाहिलं, की पुढं अनोळखी लाट आली तर ती केवढी ते सांगता येईल. सरांच्या मोजण्यात शंभरात पाचाची चूक होती, ती त्यांना शंभरात एकावर आणायची होती. त्यासाठी त्यांनी घरचे पैसे घातले होते.

मला त्या तळघराची पहिल्यापासून भीती. लेखणी चालू असली की वर मी उखळात मिरची कुटायची नाही, भाऊजी जनावरं जवळ फिरकू द्यायचे नाहीत. एकदा माझ्या हातून तांब्या पडला तर लेखणीनं कागदावर उंच डोंगर काढला. तेव्हापासून मी तिथं अनवाणी, पदर खोचून, श्वास धरून झाडायची.

दसरा-दिवाळीत चाक बंद होतं. दिवाळीनंतर फिरवलं तर सरांचे आकडे जुळेनात. आज एक, उद्या दुसरा. चाक थरथरायला लागलं होतं. सरांनी चाकाचा आस बदलला, मोटर उघडली, पण जुळेना. मग मंगळवारी भाऊजींच्या नावानं कार्ड आलं. ते मीच वाचून दाखवलं:

"चि. नामदेव, नवीन चाक इथे करायला टाकले आहे. माप घेण्यासाठी दोन्ही वजने गुरुवारपर्यंत घेऊन ये. त्यांना धक्का लागू देऊ नको. नव्या चाकानेही आकडा जुळला नाही तर टांगलेल्या तारेतच दोष आहे असे समजून शनिवारी दांडा उतरवू."

दांडा उतरवला तर पुन्हा टांगून निवांत व्हायला सहा महिने जातात, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. सर दोन वर्षं त्यापायी झिजले होते. आणि भाऊजींचा पाय आदल्याच रविवारी विहिरीच्या पायरीवरून मुरगळून सुजला होता.

"वैनी, तुमीच जावा," भाऊजी म्हणाले.

"मी? एकली?"

"मग काय पायाला चाकं लावून मी जाऊ? यष्टीत बसायचं, उतरायचं. सांगली काय काशी हाय व्हय?"

मी आजवर कधी एकटी गाडीत बसले नव्हते.

पुसेसावळीचा रस्ता, बुधवार

वजनं गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून कापडी पिशवीत घातली. वाटेला भाकरी, झुणका आणि लसणाची चटणी घेतली. आतल्या खिशात पंधरा रुपये आणि सरांचं कार्ड, पत्ता त्यावर होता म्हणून.

पिशवी मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. कंडक्टर म्हणाला, "ओ बाई, पिशवी वर टाका की." मी मान हलवली. तो म्हणाला, "बरं बरं, धरून बसा, पोरगं असल्यागत!" गाडीतले सगळे हसले. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. हा रस्ता दुष्काळात झाला, आणि त्याची खडी मी फोडलेली आहे. एक मैलाचा दगड दिसला, तिथं आमची टोळी बसायची. त्या खडीवरून आपण गाडीत बसून जाऊ असं तेव्हा वाटलं नव्हतं. एरवी बरं वाटलं असतं, पण गाडी उसळली की वजनं एकमेकांवर आपटतील म्हणून मी दोन्हींच्या मध्ये हात घालून बसले होते. बोटं चेंगरत होती.

पुसेसावळीला एक म्हातारा आणि त्याची बायको चढली आणि माझ्या शेजारी बसली. दोघंही गोरटेली, नीटनेटकी, म्हाताऱ्याच्या बोटात अंगठी. बाईनं बसताच पिशवीला कोपर लावून पाहिलं.

"काय गं बया, येवढं जड? सोनंनाणं हाय का काय?"

"न्हाई आक्का, पितळ हाय," मी हळूच म्हटलं.

म्हातारा वळला. "पितळ? काय भाव घेतलं?"

विट्याच्या बाजूची ही माणसं गलाईचा धंदा करतात, तुझ्या ऐकण्यात असेलच. सोन्या-चांदीचा कचरा वितळवून शुद्ध धातू काढायचा, आणि त्यासाठी हिंदुस्थानभर पांगायचं. हे मदुरेला दुकान घालून होते, पुतणीच्या लग्नाला गावी आले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या धातूवर बोलायला लागले की थांबेनात.

"सोनाराच्या दुकानातला केर आमी इकत घेतो, पोरी. केर! त्याचं हात धुतल्यालं पाणीबी. लोकं हसत्यात. पर दागिना घासला की सोनं झडतंच. डोळ्याला दिसत न्हाई येवढंच."

मला आधी नुसतीच मौज वाटली. मग मी पिशवीत हात घालून वजनाची कड चाचपली.

"तात्या, पितळबी झडतं?"

"कंचाबी धातू झडतो. चिंच लावून घासलं तर जास्तीच."

मला खंडेनवमी आठवली. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं घासूनपुसून पुजतात, हे काय नवीन नाही. विळा, कुऱ्हाड, नांगर, सुताराची पटाशी, सगळं. कोठारात हत्यार म्हणावं असं ते चाक आणि ती वजनं. सरांना विचारलं तर ते हसून म्हणाले होते, "कर पूजा, माझं काय जातं." चाकाला हात लावायची छाती झाली नाही, पण वजनं भाऊजींनी काढून दिली. ती काळवंडली होती. मी ती चिंचेच्या कढत पाण्यात घातली, विटेच्या भुकटीनं घासली, देवाच्या तांब्यासारखी लखलखीत केली. एकाच्या बुडाला भोक होतं, त्यात तपकिरी चिकट मळ बसलेला. गरम पाण्यानं तो मऊ झाला. मी खिळ्यानं उकरला, तर आतून बारीक काळे मणी गळाले, मोहरीहून थोडे मोठे. मला वाटलं, जुनी घाण. उकिरड्यावर टाकली. दुसऱ्याच्या बुडातला मळ निघाला नाही, हात दुखले म्हणून सोडून दिलं.

"तात्या," मी विचारलं, "वजनाच्या बुडाला भोक कशापायी असतंय?"

"वजन पुरं कराय. ओतताना थोडं कमी-जास्ती हुतंच. मग भोकात शिशाचं छर्रं घालायचं, काटा बरुबर आला की वरनं लाख लावून बंद करायचं. का गं?"

दुकानातली वजनं मी रोज पाहिलेली, पण उलटी करून कधी पाहिली नव्हती. चाक दिवाळीपासून थरथरतंय, खंडेनवमी त्याआधी झाली. एक वजन हलकं आणि एक जड. मुलांच्या भिरभिऱ्याचीसुद्धा एक बाजू जड झाली की ते थरथरतं. हे मला त्या बसमध्ये कळलं, आणि सरांना, एवढ्या शिकलेल्या माणसाला, आठ आठवडे कळलं नव्हतं. कारण सगळं जग खोटं ठरलं असतं तरी ती वजनं खोटी ठरणार नाहीत असं त्यांनी धरलं होतं. सरकारी कचेरीत तोलून आणली होती ती.

मी पिशवीवर डोकं टेकलं. आक्का म्हणाली, "गाडी लागली का गं? लिंबू देऊ?"

विटा

विट्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. ते बदलेपर्यंत दिवस कलला आणि सांगलीची गाडी निघून गेली. मी स्टँडवर पिशवी घेऊन उभी, रडू यायच्या बेतात. आक्कानं माझा दंड धरला. "चल. परक्याच्या दारात न्हाई चाललीस. मला तुझ्या वयाची लेक हाय."

त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना मागांची खडखड. पायाखालची जमीन हलत होती. मला वाटलं, इथं तळघर असतं तर लेखणी वेडीच झाली असती. घरात मदुरेची समई, मदुरेची पितळी भांडी, आणि नातवंडं आपसात मद्रासी बोलत होती. आक्कानं रात्रीच्या जेवणाला इडल्या केल्या. आमच्याकडे तांदूळ सणावाराला, आणि तोही असा आंबवून वाफवायचा हे मी कधी पाहिलं नव्हतं. सोबत चिंचेचं आंबट वरण. आक्का म्हणाली, "तिकडं आमी भाकरीसाठी मरतो, इकडं आलो की पोरं इडलीसाठी." मला घास गिळवत नव्हता. चिंचेचा वास आला की ती वजनंच डोळ्यापुढं येत होती.

शेवटी मी बोलले. कसं बोलले माहीत नाही. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत. आतून तराजू आणला, वजनं गोधडीतून काढून दोन पारड्यांत ठेवली. एक पारडं सावकाश खाली गेलं आणि तिथंच राहिलं. माझी चूक तशी समोर बघितली तेव्हा मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

तात्यांनी वर गेलेल्या पारड्यात शिशाचे बारीक तुकडे एकेक टाकले. काटा हळूहळू मध्ये आला.

"येवढंच गेलंय. आत्ता भोकात भरतो, वर लाख. सकाळी गाडीत बस. कुणाच्या बापाला कळायचं न्हाई."

आक्का म्हणाली, "भर की मग. गरिबाची पोर हाय, तिची नोकरी जाईल."

मी हो म्हणणारच होते. खरं सांगते, ओठावर आलं होतं. पण सरांच्या वहीत आठ आठवड्यांचे आकडे लिहिलेले होते. वजन गुपचूप पुरं केलं तर पुढचे आकडे जुळतील, सरांना वाटेल नव्या चाकानं जुळले. मागचे का चुकले हे त्यांना आयुष्यात कळणार नाही, आणि ते तारेवर नाहीतर स्वतःवर संशय घेत राहतील. शिवाय दोन्ही सारखी झाली म्हणजे दोन्ही खरी झाली असं कुठं आहे? दुसरंही मी घासलं होतंच. आणि सगळ्यात खरं म्हणजे, एक भीती कशीबशी पोटात धरली होती; वर खोटेपणाची दुसरी धरायला जागा नव्हती.

"नको तात्या," मी म्हटलं. "शिसं पुडीत बांधून द्या. सरांना दाखवते."

तात्यांनी शिसं कागदात बांधलं. मग म्हणाले, "लय भितीस तू. आन भिऊन बी सरळच जातीस, ह्ये नवल हाय."

तासगाव, गुरुवार

तासगावला गाडी बदलायची होती. स्टँडवर द्राक्षाच्या कलमांच्या पाट्या घेऊन माणसं बसली होती. इकडची जमीन आमच्यासारखीच, पण विहिरींना पाणी लागलंय, आणि माणसं ऊस सोडून द्राक्षाच्या गोष्टी करतात. लांबून गणपतीच्या देवळाचं उंच गोपूर दिसत होतं. मी तिथूनच हात जोडले, आणि जोडायला म्हणून पिशवी मनगटात अडकवली तर तिचा बंद तुटला.

एक वजन गोधडीसकट माझ्या पायावर आलं आणि लोळत एका हवालदाराच्या बुटापाशी थांबलं. अंगठ्यातून कळ आली ती डोक्यापर्यंत गेली. पण माझं लक्ष वजनाकडे. पायावर पडलं म्हणून दगडावर आपटलं नाही.

हवालदारानं ते उचललं, उलटं केलं. "वजन? ह्यावर शिक्का कुठाय? आणि बुडात भोक! काय गं, खोटी मापं विकतीस?"

मी खिशातलं कार्ड काढून दिलं. त्यानं ते सावकाश, एकेक शब्द मोठ्यानं वाचलं. माणसं जमली.

"'टांगलेल्या तारेतच दोष... दांडा उतरवू...' हे काय प्रकरण आहे? कशाचा दांडा?"

"सरांचा," मी म्हटलं. "आभाळातली लाट मोजायचा."

"काय मोजायचा?"

"लाट. तारं आदळलं की येती ती."

गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "अवो सायेब, येडी हाय ती, जाऊ द्या." दुसरा म्हणाला, "येडी न्हाई, औंधला खरंच हाय तसलं. माझ्या साडूनं बघितलंय, पिंपात ठेवल्यालं." हवालदारानं कार्डावरचा पत्ता पुन्हा वाचला. कॉलेजातल्या प्राध्यापकाचं नाव बघून तो जरा निवळला. वजन माझ्या हातात देताना म्हणाला, "लाट मोजा का काय मोजा, पण मापात भोक ठेवू नका, बाई." त्याला वाटलं त्यानं मला सोडलं. मला मात्र तो सगळं ओळखून बोलला असंच वाटलं. पुढची गाडी येईपर्यंत मी भिंतीला पाठ लावून दोन्ही वजनं पोटाशी धरून बसले. अंगठा सुजून काळा पडला.

सांगली

सांगलीचा वास आधी येतो, गाव नंतर. हळदीच्या पेठेवरून गाडी गेली तेव्हा वाराच पिवळा असावा असं वाटलं. हमालांचे पाय, बैलांची शिंगं, दुकानांचे उंबरे, सगळ्यावर हळद बसलेली. आमच्या गावात हळद चिमटीनं मोजतात, इथं पोत्यांच्या थप्प्या घरांपेक्षा उंच. नदीवरचा पूल पाहिला. कृष्णेचं पाणी मार्गशीर्षातही भरून वाहत होतं. आमच्या पूर्वेच्या दुष्काळी भागातल्या माणसाला एवढं पाणी बघून आनंद व्हावा, पण मला तर कठड्याजवळून चालायचीही भीती वाटली.

सरांचं घर गावभागात. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, दार उघडलं. माझा पाय पाहून त्या आधी पाणी तापवायला निघाल्या. मी म्हटलं, "बाई, आधी सरांना बोलवा. मग मला हितं ठिवायचं का न्हाई ते ठरंल."

सर पडवीत कागद तपासत बसले होते. "आलीस? नामदेव कुठाय? बस, बस."

मी बसले नाही. वजनं त्यांच्यापुढं ठेवली, बुडं वर करून. शेजारी शिशाची पुडी ठेवली. आणि उभ्याउभ्या, त्यांच्याकडे न बघता, सगळं सांगितलं. चिंच, विटेची भुकटी, खिळा, काळे मणी, उकिरडा, तराजू. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की सरांना दोनदा "काय?" म्हणावं लागलं. त्यामुळे जे एकदा सांगताना मरण येत होतं ते मला दोनदा सांगावं लागलं.

सरांनी हातातले कागद खाली ठेवले. मग त्यांनी वजन हातात घेतलं आणि भोकात करंगळी घालून पाहिली.

"आठ आठवडे," ते म्हणाले. "आठ आठवडे, शेवंता! मी त्या तारेला शिव्या घालतोय! हात लावायला कुणी सांगितलं होतं तुला?"

"खंडेनवमी होती, सर."

"खंडेनवमी होती!" ते उठले आणि आत निघून गेले. मी तिथंच उभी. बाई आतून बघत होत्या. मला वाटलं, संपलं. औंधला जाऊन भाऊजींना काय सांगू, मालकांना पत्रात काय लिहू, याचे शब्द मी जुळवायला लागले.

सर परत आले ते वही घेऊन. त्यांचा चेहरा तसाच रागीट होता, पण ते खाली बसले आणि पेन काढलं.

"कधी घासलंस? खंडेनवमीच्याच दिवशी की आदल्या दिवशी? सकाळी की संध्याकाळी? पाणी किती गरम? किती मणी पडले असतील?"

मी सांगत गेले, ते लिहीत गेले. मध्येच थांबून म्हणाले, "म्हणजे तार चांगली आहे." थोड्या वेळानं पुन्हा, स्वतःशीच, "तार चांगली आहे." मग आत हाक मारली, "अहो, हिच्या पायाला काहीतरी लावा, मुलगी लंगडतेय."

त्या संध्याकाळी बाईंनी मला भडंग दिलं, तिखट, लसणाचं. मी ते खाल्लं.

कचेरी, शुक्रवार

सकाळी सर मला घेऊन सरकारी वजनमापांच्या कचेरीत गेले. तिथं काचेच्या कपाटात एक मोठा तराजू होता. तोलायच्या आधी तिथल्या साहेबांनी पंखा बंद केला. मला म्हणाले, "बाई, जरा लांब. पदराचा वारा लागतो." मी दाराशी जाऊन उभी राहिले आणि श्वास धरला. कपाटातला काटा एकदा इकडे, एकदा तिकडे, असा कितीतरी वेळ डोलत होता.

मळ काढलेलं वजन सहा ग्रॅमनं, त्याहून किंचित जास्तच, कमी भरलं. दुसरं तोललं तर तेही कमी, अगदी थोडंसं.

"याला मी खिळा लावला न्हाई, सर," मी घाबरून म्हटलं.

"ठाऊक आहे. हे नुसतं घासून गेलंय." सर साहेबांकडे वळले. "आणि मी गेलं वर्षभर असं धरून चाललोय की एकदा तोललं ते कायमचं. नुसतं पुसलं तरी बदलतं. म्हणजे दर वेळी चाक फिरवायच्या आधी आणि नंतर तोलायला पाहिजे. माझी शंभरातली एक चूक तर इथंच बसलीय." ते माझ्यावर ओरडले नाहीत, पण मला त्यातही भीतीच वाटली. त्यांचा राग निदान ओळखीचा होता.

तोलण्याची फी आणि कारागिरानं छर्रे भरून, लाख लावून दिल्याची मजुरी, मिळून एकवीस रुपये झाले. सरांनी दिले. बाहेर पायरीवर मी म्हटलं, "हे माझ्याकडं, सर."

"काहीतरी बोलू नकोस. तुला महिन्याला तीस मिळतात."

"चूक माझी हाय. थोडंथोडं फेडीन."

"अगं, चूक सापडली ती तुझ्यामुळंच."

"सापडली ते येगळं," मी म्हटलं, आणि एवढं उलट बोलल्यावर त्यांच्याकडे न बघता पायऱ्या उतरायला लागले.

पुन्हा औंध

शनिवारी आम्ही नवीन चाक आणि वजनं घेऊन सरांच्या मित्राच्या मोटारीतून परतलो. दांडा उतरवला नाही. चाक लावलं, फिरवलं. ते थरथरलं नाही. पहिला आकडा आला. रविवारी दुसरा आला, आणि सर तळघरातून वर येऊन चुलीपाशी बसले. "जुळला," म्हणाले, आणि चहा मागितला. पुढच्या चार महिन्यांत ते दर शनिवारी वजनं फडक्यानं धरून तोलायचे, हातसुद्धा लावायचे नाहीत. चूक शंभरात दीडावर आली. एकावर आली नाही. आभाळातूनही अजून काही आलेलं नाही. पण आता आलं नाही असं सर छाती ठोकून सांगतात.

मी दर महिन्याच्या पगाराला तीन रुपये त्यांच्या टेबलावर ठेवत गेले. पहिल्यांदा त्यांनी ते परत माझ्या पदरात टाकले. मी ते पुन्हा टेबलावर ठेवले आणि पळाले. दुसऱ्या महिन्यापासून ते काही बोलेनासे झाले. नोटा उचलून वहीखाली सरकवायचे, त्यांच्याकडे बघायचेही नाहीत.

आषाढात सातवे तीन रुपये ठेवले. सरांनी नेहमीसारखा हात पुढं केला. मी हलले नाही. माझी छाती धडधडत होती, तळघरात लेखणी नक्की डोंगर काढत असणार.

"मोजा, सर," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. मग चष्मा पुसला, तिन्ही नोटा ओळीनं मांडल्या, आणि एकेका नोटेवर बोट ठेवून मोठ्यानं मोजल्या. एक, दोन, तीन. मागचे अठरा त्यात मिळवले.

"एकवीस," म्हणाले. "फिटले."